मोटरीचं लाकडी चाक

आजकालची पोरं नवी गाडी घेतात, पुढं लिंबू-मिरच्या टांगतात आणि वर मला सांगतात, "आबा, गाडीला लई जपतो बरं का." डोंबलाचं जपता! आठ-आठ दिवस धूळ पुसत नाहीत, काही वाजलं की गाणं मोठं करतात म्हणजे वाजलेलं ऐकू येत नाही. मोटरीला जपणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला. त्याची आठवण आली की अजून माझं डोकं तापतं. हातातला तांब्या फेकावासा वाटतो. घरात विचारतात, आबा, कुणावर चिडला? सांगू काय त्यांना?

मी सुतार. कुरुंद्याच्या बाजूचं आमचं गाव, आणि गोष्ट निजामाच्या अमलातली. बैलगाडीचं चाक करावं तर आमच्या घरानं, असं दहा गावं म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. आमच्या गावच्या देशमुखानं हैदराबादेहून मोटर आणली. नवी नव्हे, कुण्या नवाबानं वापरून टाकलेली. वर कापडी टप, पुढं पितळी दिवे, बाजूला रबरी भोंगा, आणि चारी चाकं लाकडी आऱ्यांची. मोटरीसोबत डायवर आला. तो तसा इकडचाच, सेनगावकडच्या एका तांड्यावरचा. त्याच्या आज्या-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलुख तुडवला होता. बैलांचं ते काम संपलं, तसा हा पोटासाठी हैदराबादेत गेला, एका म्हाताऱ्या उस्तादाकडं मोटर शिकला आणि देशमुखाच्या पदरी पडला. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, उंच, हाडकुळा, आणि तोंडानं फाटका. गावात त्याला नावानं कुणी हाक मारली नाही. डायवर म्हटलं की झालं.

त्याचा पहिला हट्ट असा, की मोटर मागं घ्यायची नाही. मोटरीला उलटा गेर असतो हे मला कित्येक वर्षं ठाऊकच नव्हतं, कारण त्यानं तो कधी टाकला नाही. "जित्या जनावराला मागं ढकलायचं म्हंजी त्याचा पानउतारा," म्हणायचा. मोटर फिरवायची तर गावाबाहेरच्या पडीक रानात जायचं, मोठा वळसा घालायचा आणि परत यायचं. एकदा देशमुख जरीचा पटका बांधून कुरुंद्याच्या लग्नाला निघाले, आणि हा बाबा मोटर घेऊन एका बोळात शिरला. समोरून कडब्यानं भरलेली गाडी. ना ती हलते, ना ही.

"मागं घे," देशमुख ओरडले.

"उतरा मालक," हा म्हणाला. "उचलून फिरवावी लागंल."

आठ माणसं लागली. त्या आठांत मी होतो. जरीचा पटका बोळात धुरळा खात उभा, वऱ्हाडी फिदीफिदी हसून राहिले, आणि हा आम्हालाच खेकसतोय, "आरं हळू! पोतं हाय का ते?" माझी कंबर त्या दिवशी जी धरली ती अजून सुटली नाही. असा संताप आला होता, की एक ठेवून द्यावी.

रस्त्यात बैलगाडी भेटली तर भोंगा वाजवायचा नाही, हा दुसरा हट्ट. मोटर उभी करायची, खाली उतरायचं, बैलांच्या मानेवर हात ठेवून त्यांना स्वतः मोटरीच्या पलीकडं नेऊन सोडायचं, मग पुढं. कुरुंद्याच्या बाजाराच्या दिवशी शंभर गाड्या भेटायच्या. पायी निघालेला माणूस बाजार करून परत यायचा तरी मोटर वाटेतच. देशमुख मागं बसून शिव्या घालायचे. हा म्हणायचा, "बैल बुजला आन लेकरू चाकाखाली गेलं तर मोटरीला कोन इचारतं? मला इचारतील."

आणि पोळा! पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांची खांदेमळण होते, तशी हा मोटरीची करायचा. चारी चाकांच्या मधल्या तुंब्यांना लोणी आणि हळद चोळायचा, टपाला गोंडे बांधायचा, आणि पोळ्याच्या दिवशी मोटर जागची हलू द्यायचा नाही. एका पोळ्याला तालुक्याचा बडा अंमलदार दारात आला आणि म्हणाला, स्टेशनावर सोडा. डायवरनं हात जोडले. "साहेब, आज जनावर जुंपत न्हाईत." साहेबाला आधी कळेना जनावर कुठलं. कळल्यावर तो इतका हसला की राग विसरून घोड्यावरून गेला. दुसऱ्या खेपेला त्याच साहेबाचे बूट चिखलानं भरलेले होते, तर हा तांब्या घेऊन दारापाशी उभा. "पाय धुवा, मंग बसा." साहेबानं धुतले, विश्वास ठेवा. त्याच्या आवाजात असं काही असायचं, की माणूस आधी ऐकायचा आणि मग चिडायचा.

"आधी ऐका," हे त्याचं आवडतं वाक्य. मोटर उठवली की हात वर करून सगळ्यांना गप्प करायचा. देशमुखालाही. मान उजवीकडं कलती करून ऐकत बसायचा, कुठं काय करकरतं, कुठं दम लागतो. ऐकून झाल्याशिवाय हलायचा नाही.

तिकडं परमुलखात मोठी लढाई लागली आणि पेट्रोल मिळेनासं झालं. मोटर गोठ्यात उभी राहिली ती चार-पाच वर्षं. दुसरा असता तर गावी गेला असता. हा रोज सकाळी उठून हँडल घालून इंजिन फिरवायचा, बराबर एकशे एक वेळा, मोठ्यानं मोजत. पेट्रोलचा थेंब नाही आणि हा घामानं निथळून राहिलेला. वर रोज मोटर हातभर पुढं ढकलायचा, चाकं एका जागी बसू नयेत म्हणून. भिंत आली की आम्हाला बोलावून उचलून फिरवायची. मी म्हणालो, "डायवरदादा, मेलेल्याचं पाय काहून चेपून राहिले?" तर पान्हा घेऊन माझ्या अंगावर आला.

या सगळ्याला लोक हसायचे. मीही हसायचो. पण एका गोष्टीला मला कधी हसू आलं नाही. डायवरच्या जागेवर देशमुखानं गोणपाट अंथरायला लावलं होतं. मोटर चालवायची ती त्यानंच, पुसायची त्यानंच, पण तांड्याच्या माणसाचं अंग गादीला लागायला नको. बारा वर्षं तो माणूस गोणपाटावर बसून मोटर हाकत होता. त्याची बायको तांड्यावर राहायची, होळीला आणि दिवाळीला हा पायी तिकडं जायचा, चांगली दोन दिवसांची वाट. मोटरीत ती कधी बसली नव्हती, तिनं मोटर धड पाहिलीसुद्धा नव्हती. गोणपाटाचं मी एकदा बोललो, तर म्हणाला, "मोटरीचा त्यात काय गुना हाय?" अशा माणसाला काय म्हणायचं तुम्हीच सांगा.

लढाई संपली. देशमुखाला नव्या मोटरीचे डोहाळे लागले. आणि त्याच थंडीत हट्टा नावाच्या गावचा एक पाटील आमच्या गावात येऊन, भर बैठकीत देशमुखाला म्हणाला, "तुमचा डबा माझ्या खोंडांच्या पुढं टिकायचा न्हाई. संक्रांतीनंतर पट हाय. आना तिकडं."

पट म्हणजे शंकरपट, बैलांच्या शर्यती. जोडीला हलका छकडा जुंपायचा आणि काळ्या रानात आखलेल्या पट्टीवर सोडायची. पाटलाची जोडी तीन वर्षं हरली नव्हती. देशमुख पेटला. डायवरला बोलावलं आणि सगळ्या बैठकीसमोर म्हणाला, "जोडीच्या पुढं काढलीस, तर मोटर तुझी. घेऊन जा तांड्यावर."

त्या दिवशी संध्याकाळी डायवर माझ्या अंगणात आला. आला आणि बसला. मग म्हणाला, "मिस्त्री, गोनपाट काढून टाकीन. तिला मागच्या गादीवर बसवून तांड्यावरनं सेनगावच्या बाजाराला नेईन. मंग मानसं बसवून रोजच्या खेपा करीन." एवढं सलग तो कधी बोलला नव्हता. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मला म्हणाला, "पन मागलं उजवं चाक बोलून राहिलंय. तेवढं तू बघ."

चाक काढून आणलं. इतकी वर्षं उभं राहून लाकूड आकसलेलं, आरे तुंब्यात हलत होते. त्यानं मला नीट सांगितलं, "दोन आरे नवे घाल, बाकीच्याला पाचर मार, आन जवसाचं तेल पाज. पानी दाखवू न्हको. उस्ताद सांगायचा, ह्ये लाकूड पान्याचं न्हाई."

इथं माझं डोकं फिरलं. माझ्या आज्यानं चाकं केली, बापानं केली, मी केली. चाक ढिलं झालं की ओढ्यात दोन दिवस दगडाखाली दाबून ठेवायचं, लाकूड फुगतं, आरे घट्ट बसतात. अख्खा मुलुख हेच करतो. आणि हा मोटर पुसणारा मला लाकूड शिकवणार? शिवाय हातात दिवस किती, तर पाच. नवे आरे तासून, पाचरी मारून, तेल मुरवायचं म्हणजे पंधरा दिवसांचं काम. मी तोंडावर "व्हय" म्हणालो आणि चाक उचलून ओढ्यात टाकलं.

दोन दिवसांनी काढलं. टणक! हातोडी मारली तर घणघणलं. वरून जवसाचं तेल चोपडलं आणि नेऊन दिलं. "पाचरी मारल्या का?" त्यानं विचारलं. "मारल्या," मी म्हणालो. एवढं सरळ खोटं मी बायकोशीही कधी बोललो नव्हतो.

त्यानं चाक बसवलं. आणि मग, सवयीप्रमाणं, हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि कान लावायला चाकापाशी वाकला. एका बोटानं आरा वाजवणार, तेवढ्यात मी तडकलो. "काहून? माझ्यावर भरवसा न्हाई व्हय? धा गावं माझ्या चाकावर चालत्यात!"

तो तसाच वाकलेला थांबला. माझ्याकडं पाहिलं. मग उठला, हात झटकले आणि म्हणाला, "बराबर हाय. तुजं काम हाय ते."

आणि ऐकलं नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा.

हट्ट्याला आम्ही आदल्या दिवशी पोचलो. रात्रभर कोरडा गार वारा, दिवसभर मोटर उन्हात उभी. लोक ही गर्दी! शर्यतीची वेळ झाली तशी पाटलाची पांढरी जोडी एका पट्टीवर, मोटर शेजारच्या पट्टीवर. झेंडी पडली आणि जोडी सुटली. मोटर काळ्या रानात जरा घरघरली, मागं राहिली, लोकांनी हुर्यो केली. मग तिनं वेग पकडला. अर्ध्या पट्टीवर बैलांच्या बरोबरीला आली, आणि पुढं निघाली. मी गळा फाटेपर्यंत ओरडत होतो. "चल! चल माझी माय!" देशमुख फेटा उडवत होता. शेवट जवळ आला होता, इथून त्या लिंबापर्यंत, एवढाच.

तेव्हा मी पाहिलं, त्याची मान उजवीकडं कलली.

मला कळलं. तिथं कुणालाच कळलं नाही, मला कळलं. भिजवलेलं लाकूड वाळून पुन्हा आकसलं होतं, चाक डुलायला लागलं होतं. उजवीकडं दोरापलीकडं बाया, लेकरं, म्हातारी माणसं दाटीवाटीनं उभी. रेटली असती तर कदाचित पोचली असती. कदाचित चाक सुटून त्या गर्दीत गेलं असतं. त्यानं ब्रेक दाबला आणि मोटर डावीकडं, मोकळ्या रानात घातली. आरे कडाकड मोडले, चाक मिटलं आणि मोटर उजव्या अंगावर खाली बसली. पाटलाची जोडी पलीकडून निघून गेली.

देशमुख धावत आला तो काठी उगारूनच. "सोडून दिलीस! हातात आलेली सोडून दिलीस! पाटलाला विकला गेलास, हरामखोरा?" काठी खांद्यावर बसली, पाठीवर बसली. डायवर उभा होता. मग देशमुखाची नजर मोडक्या चाकावर गेली आणि तिथून माझ्यावर आली. "चाक कुणी केलं?"

देशमुखाच्या एका शब्दावर माझं गावातलं काम होतं, घर होतं, बलुतं होतं. हे सगळं खरं आहे. आणि मी भ्यालो, हेही खरं आहे.

"चाक बराबर हाय, मालक," डायवर म्हणाला. "म्याच दाबली. माजाच हात चुकला."

दोनशे माणसं ऐकत होती. मी एक शब्द बोललो नाही.

पाटलाच्या माणसांना जोर चढला. त्यांनी जिंकलेली जोडी मोटरीला जुंपली, गुलाल उधळला, आणि ओढत गावातून मिरवायची ठरवली. मागच्या आसाखाली मला एक वासा बांधायला लावला, चाकाच्या जागी घसटायला. मी बांधला. डायवरला कुणी म्हणालं, तू कशाला बसतो? तो म्हणाला, "धरायला कुनी नको का? खड्ड्यात जाईल ती." आणि तो गोणपाटावर बसला, दोन्ही हातांनी स्टेरिंग धरून. अख्ख्या हट्ट्यातून लोक हसत होते, शेण मारत होते, आणि तो फक्त पुढचा रस्ता पाहत होता. मी बाजूनं चालत होतो. माझ्या मुठी वळलेल्या होत्या. कुणाला मारणार होतो मी?

गावाबाहेर देशमुखानं हँडल काढून घेतलं आणि डायवरला सांगितलं, परत दारात दिसू नको. तो सेनगावच्या दिशेनं पायी निघाला. मी मागं धावलो, त्याला अडवलं.

"दादा, म्या चाक भिजवलं व्हतं."

"ठाव हाय."

"कवा कळलं?"

"पट्टीवर. आवाजच सांगून राहिला व्हता."

"मंग मालकाला सांगितलं काहून न्हाई? तुमची मोटर गेली! तुमाला चोर ठरवलं त्यानं! माझं नाव का न्हाई घेतलं?"

तेव्हा तो चिडला. असा चिडलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. "चाक तुजं व्हतं, मिस्त्री, पन कान माजा व्हता! ऐकायला वाकलो व्हतो म्या. तू म्हनलास, भरवसा न्हाई व्हय. मला वाटलं, समद्या जिंदगीत एका मानसाला तरी न ऐकता खरं धरावं." मग शांतपणे म्हणाला, "सरक."

मी सरकलो नाही. मला वाटत होतं, त्यानं मारावं. एक मुस्काटात द्यावी, दोन द्याव्यात, म्हणजे फिटेल. त्यानं मला बाजूला करायला माझ्या मानेवर हात ठेवला, जसा तो रस्त्यातल्या बैलांना बाजूला करायचा तसाच, आणि पुढं गेला. मग माझं डोकं असं भडकलं, की त्याच्या पाठीमागून मी त्याला शिव्या घातल्या. त्याला! आईवरून, बापावरून, तांड्यावरून, मोटरीवरून. भर रस्त्यात, तोंडाला फेस येईपर्यंत. जो माणूस माझ्यासाठी मार खाऊन निघाला होता, त्याला. देशमुखाला मात्र त्या दिवशी मी अरे म्हणालो नाही.

पुन्हा तो आमच्याकडं आला नाही. सेनगावकडं जाणाऱ्या माणसांना मी विचारायचो. कुणी म्हणे बायकोसोबत ऊसतोडीला गेला, कुणी म्हणे हैदराबादेत उस्तादाकडं परतला. मी स्वतः कधी तांड्यावर गेलो नाही. जायला दोनच दिवस लागतात.

तिसऱ्या दिवशी देशमुखाचं बोलावणं आलं. मोटर विकायची होती, परभणीचा एक व्यापारी घ्यायला तयार होता, पण चाक पाहिजे. मी चाक केलं. आरे नवे तासले, एकेका आऱ्याला पाचर मारली, जवसाचं तेल पाजलं, सावलीत ठेवलं. पाण्याचा थेंब लागू दिला नाही. पंधरा दिवस लागले. व्यापाऱ्यानं चाक वाजवून पाहिलं आणि मान डोलावली.

देशमुख खुश झाले. म्हणाले, "वा मिस्त्री! याला म्हणतात काम."

मी कमरेत वाकून म्हणालो, "मालकाची मेहरबानी."